समुद्राच्या तळातलं लोखंड-६०: जुना सुपरनोव्हा कसा शोधतात आणि तशी बातमी आली की ती कशी तपासायची

दर काही महिन्यांनी एक बातमी व्हॉट्सॲपवर फिरते, की लाखो वर्षांपूर्वी पृथ्वीच्या जवळपास तारा फुटला होता (अशा स्फोटालाच सुपरनोव्हा म्हणतात) आणि त्याचे अवशेष समुद्राच्या तळाशी सापडले. बातमी खरी असते बरं का, फक्त दोन परिच्छेदांत उरकलेली असते आणि हे कळलं कसं ते त्यात कुठेच नसतं, मग अर्धे लोक काहीही सांगतात म्हणून सोडून देतात आणि उरलेले थेट जगबुडीपर्यंत जाऊन पोचतात. मला हा विषय मनापासून आवडतो कारण ह्यात अक्षरशः एकेक अणू मोजून निष्कर्ष काढलेला असतो. म्हणून सगळी रीत पहिल्यापासून मांडतो, नमुना कुठून घ्यायचा, त्याचं वय कसं काढायचं, अणू कसे मोजायचे, बाकीच्या शक्यता कशा बाद करायच्या आणि तारा किती लांब होता ते कागदावर कसं काढायचं. मशीन आपल्या कोणाकडे नसणार, पण हिशोब सगळे बारावीच्या गणितात बसतात, तेव्हा वही-पेन घेऊनच वाचा.

आधी काय शोधायचं ते पक्कं करा

साधं लोखंड शोधून काही उपयोग नाही, ते पृथ्वीवर सगळीकडेच आहे. निसर्गात स्थिर लोखंडाचे चार आयसोटोप, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, मिळतात, ५४, ५६, ५७ आणि ५८. आपल्याला हवंय लोखंड-६०, जे किरणोत्सारी आहे आणि ज्याचं अर्धायुष्य साधारण २६ लाख वर्षं आहे, म्हणजे २६ लाख वर्षांनी निम्मं उरतं, अजून २६ लाखांनी पाव.

आता हा हिशोब करून बघा, कारण सगळा विषय ह्याच्यावरच उभा आहे. पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं, म्हणजे लोखंड-६० ची जवळपास १७५० अर्धायुष्यं होऊन गेली. पृथ्वीत एकूण अणू आहेत साधारण १ वर ५० शून्यं इतके. समजा सुरुवातीला अख्खी पृथ्वीच लोखंड-६० ची होती, तरी १६६ वेळा निम्मं केलं की एकच अणू उरतो, आणि १६६ गुणिले २६ लाख म्हणजे फक्त ४३ कोटी वर्षं. म्हणजे जन्माच्या वेळचं लोखंड-६० आज पृथ्वीवर एक अणूसुद्धा शिल्लक असू शकत नाही. आज जे सापडेल ते नंतर कधीतरी बाहेरून आलेलं, आणि बऱ्यापैकी अलीकडे आलेलं.

बाहेर ते बनतं कुठे? सूर्याच्या आठ-दहापट किंवा त्याहून जड ताऱ्यांच्या पोटात. तिथे लोखंड-५८ एक न्यूट्रॉन गिळून ५९ होतं, आणि ५९ चं अर्धायुष्य जेमतेम ४४ दिवस, त्यामुळे ते विरायच्या आत दुसरा न्यूट्रॉन आदळला तरच ६० बनतं. इतका न्यूट्रॉनचा मारा अशा ताऱ्यांसारख्या मोजक्याच ठिकाणी होतो. तारा फुटला की हा माल बाहेर फेकला जातो. जवळच्या सुपरनोव्हाचे असे आयसोटोप पृथ्वीवर शोधावेत ही कल्पना जॉन एलिस, ब्रायन फील्ड्स आणि डेव्हिड श्रॅम यांनी १९९६ मध्ये नीट मांडली, आणि तीनच वर्षांत, १९९९ मध्ये, म्युनिकच्या क्लाउस क्नी आणि गुंथर कोर्शिनेक यांच्या गटाला दक्षिण पॅसिफिकमधल्या खडकात ते सापडलंसुद्धा.

एक सूचना इथेच देऊन ठेवतो. २००९ पर्यंत लोखंड-६० चं अर्धायुष्य १५ लाख वर्षं धरायचे, मग नव्या मोजणीत ते २६ लाख निघालं आणि पुढे दुसऱ्या गटांनी वेगळ्या पद्धतींनी तपासून त्याच्या आसपासचाच आकडा काढला. त्यामुळे जुना लेख हातात आला तर त्यात कुठलं अर्धायुष्य धरलंय ते आधी बघा, नाहीतर जुने आणि नवे आकडे एकमेकांशी जुळणारच नाहीत.

नमुना कुठून घ्यायचा

जमिनीवरून घेऊ नका, कारण तिथे पाऊस, नद्या, शेती, बांधकाम सगळं ढवळत राहतं आणि साधं लोखंड इतकं असतं की आपले चार अणू त्यात हरवून जातात. हवी अशी जागा जिथे लाखो वर्षं कोणी हात लावला नाही आणि जिथे थर अगदी हळू साठतात.

सगळ्यात प्रसिद्ध नमुना म्हणजे खोल समुद्रातला फेरोमँगनीज क्रस्ट. समुद्राच्या पाण्यात विरघळलेलं लोखंड आणि मँगनीज उघड्या खडकावर थेट जमत जातं आणि काळं कठीण कवच तयार होतं. आपलं नख महिन्याभरात जेवढं वाढतं जवळपास तेवढं वाढायला ह्या कवचाला दहा लाख वर्षं लागतात. म्युनिकच्या लोकांनी २००४ मध्ये ज्याच्यावर काम केलं तो २३७केडी नावाचा तुकडा पॅसिफिकमध्ये ४८३० मीटर खोलीवरून काढलेला होता, आणि त्याची वाढ दहा लाख वर्षांत अडीच मिलिमीटरच्या आत. वाढ हळू म्हणजे थोड्या जागेत भरपूर काळ आणि साध्या लोखंडाची भेसळ कमी, हा फायदा, पण एक मिलिमीटरचा काप काढला तरी त्यात चार लाखांहून जास्त वर्षं एकत्र येतात, त्यामुळे तारीख ढोबळच मिळणार.

ह्याच कुळातले खडे म्हणजे पॉलिमेटॅलिक नोड्यूल्स, आणि ते आपल्याला परके नाहीत. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिच्या गवेषणी जहाजाने २६ जानेवारी १९८१ ला समुद्रतळावरून आपल्याकडचा पहिला नोड्यूल वर काढला होता आणि त्यानंतर मध्य हिंदी महासागरातल्या नोड्यूल्सवर तिथे प्रचंड काम झालंय. ते काम खनिजांसाठी होतं हे खरं, पण असा खडा म्हणजे लाखो वर्षांची नोंदवहीच असते, आणि २०१६ मध्ये अँटन वॉलनर यांच्या गटाने लोखंड-६० साठी जे नमुने तपासले त्यात अटलांटिकमधले नोड्यूल्स होते, पॅसिफिकचे क्रस्ट होते आणि हिंदी महासागरातला गाळही होता.

गाळ हा दुसरा पर्याय. खोल समुद्रातला गाळ हजार वर्षांना काही मिलिमीटर साठतो, म्हणजे क्रस्टच्या हजारपट वेगाने, तेव्हा काळ फार बारकाईने दिसतो पण सिग्नल तितकाच पातळ होतो. वॉलनर यांच्या हिंदी महासागरातल्या कोअर, म्हणजे तळात नळी खुपसून काढलेले गाळाचे उभे दंडगोल, एल्टॅनिन जहाजाने ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्येला पूर्वीच काढून ठेवल्या होत्या. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, की तेव्हा लोखंड-६० हा विषयही कोणाच्या डोक्यात नव्हता, नमुने नीट लेबल लावून जपून ठेवले म्हणून चार दशकांनी कामाला आले.

गाळ पातळ असण्यावर म्युनिकच्याच लोकांनी एक सुंदर मार्ग काढला. समुद्रतळात असे बॅक्टेरिया असतात जे पाण्यातलं लोखंड घेऊन आपल्या शरीरात मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोखंडाच्या चुंबकीय ऑक्साइडचे, अतिसूक्ष्म स्फटिक बनवतात. बॅक्टेरिया मेले तरी स्फटिक गाळात राहतात. वरून पडलेली सुपरनोव्हाची धूळ पाण्यात विरघळली असेल तर तिचं लोखंड ह्या स्फटिकांत जाणार, जमिनीवरून वाहत आलेल्या मोठ्या कणांत नाही जाणार. मग सौम्य रसायन वापरून फक्त बारीक स्फटिकांतलं लोखंड ओढून काढायचं आणि बाकीचं तसंच ठेवायचं. २०१६ मध्ये पॅसिफिकच्या गाळात ह्या पद्धतीने सिग्नल मिळाला, साधारण २७ ते १७ लाख वर्षांपूर्वीचा.

चंद्राची माती सुद्धा चालते, अपोलो १२, १५ आणि १६ च्या नमुन्यांत लोखंड-६० जास्त सापडलंय. चंद्रावर हवा नाही पाणी नाही, जे पडलं ते पडूनच राहतं, पण उल्कांनी माती खालीवर होत राहते म्हणून तिथे एकूण किती पडलं एवढंच कळतं, कधी पडलं ते नाही. आणि ताजा नमुना हवा असेल तर अंटार्क्टिकाचा बर्फ. कोह्नेन स्टेशनच्या जवळचं २० वर्षांहून कमी जुनं ५०० किलो बर्फ तसंच गोठलेलं म्युनिकला नेलं, वितळवलं, गाळलं, आणि २०१९ मध्ये जाहीर झालं की त्यातही लोखंड-६० आहे. म्हणजे हे अणू आजही आपल्यावर पडतायत, अगदी थोडे, पण पडतायत.

थराचं वय काढा

इथे बेरिलियम-१० उपयोगी पडतं. वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनवर आदळले की ते बनतं, पावसाबरोबर समुद्रात येतं आणि थरात बसतं, अर्धायुष्य १३.९ लाख वर्षं. ह्या कामाच्या पायाभरणीत मुंबईचा मोठा हात आहे, १९५० च्या दशकात टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) बर्नार्ड पीटर्स आणि देवेंद्र लाल यांच्या गटाने बेरिलियम-१० आणि खोल समुद्रातला गाळ यांच्यावर अगदी सुरुवातीचं काम केलं. आज जगभर क्रस्टचं वय काढताना लोक तीच रीत वापरतात, आणि आपल्याकडे फार कमी जणांना हे माहीत असतं ह्याचं मला वाईट वाटतं.

करायचं असं. क्रस्टच्या वरच्या पृष्ठभागावर बेरिलियम-१० चं प्रमाण मोजा, मग खाली खाली जात मोजा. समजा ६.६ मिलिमीटर खाली ते पाव झालंय. पाव म्हणजे दोन अर्धायुष्यं, म्हणजे २७.८ लाख वर्षं, तेव्हा वाढीचा वेग झाला ६.६ भागिले २७.८ लाख, म्हणजे दहा लाख वर्षांना २.४ मिलिमीटरच्या आसपास. आता लोखंड-६० कुठल्याही खोलीवर सापडू दे, भागाकार केला की वय हातात. गाळाच्या कोअरमध्ये अजून एक मदत मिळते, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र उलटल्याच्या खुणा, शेवटची उलथापालथ सुमारे ७.८ लाख वर्षांपूर्वी झाली आणि ती थरात स्पष्ट दिसते. दोन वेगळ्या पद्धतींनी तेच वय आलं तर विश्वास ठेवायचा.

अणू मोजा, आणि हे सगळ्यात अवघड

गायगर काउंटर लावून का मोजत नाहीत असं बऱ्याच जणांना वाटतं. उत्तर हिशोबातच आहे. धरा की आपल्याकडे लोखंडाच्या ऑक्साइडची ५ मिलिग्रॅम पावडर आहे आणि त्यातल्या लोखंडात दर १ वर १५ शून्यं इतक्या साध्या अणूंमागे एक लोखंड-६० आहे, क्रस्टमध्ये साधारण ह्याच पातळीचा सिग्नल असतो. तर त्या पावडरीत लोखंड-६० चे जवळपास ३८ हजार अणू निघतात. २६ लाख वर्षांच्या अर्धायुष्याने त्यातला एक अणू फुटायला सरासरी शंभर वर्षं लागतील. काउंटर लावून बसण्यात काहीच अर्थ नाही, फुटायची वाट न बघता अणूच मोजावे लागतात.

त्याला ॲक्सिलरेटर मास स्पेक्ट्रोमेट्री म्हणतात. आधी नमुना कुटून आम्लात विरघळवायचा, रेझिनच्या कॉलममधून लोखंड वेगळं करायचं, मँगनीज आणि खास करून निकेल जितकं जाईल तितकं घालवायचं, लोखंड हायड्रॉक्साइड म्हणून खाली बसवायचं, भट्टीत भाजून ऑक्साइडची लालसर पावडर करायची, त्यात चांदीची पूड मिसळून छोट्याशा होल्डरमध्ये ठोकून बसवायची. मग सीझियमच्या आयनांचा मारा करून त्यातून ऋण आयन उडवायचे आणि टँडेम ॲक्सिलरेटरमध्ये सोडायचे, जिथे लाखो व्होल्टवर ते पळतात, मध्ये पातळ फॉइलमधून जाताना इलेक्ट्रॉन झडतात आणि रेणू तुटून सुटे अणू राहतात. चुंबकाने वजनाप्रमाणे वळवून ६० वजनाचे तेवढे पुढे घ्यायचे.

आणि इथेच खरी गोची आहे. निकेलचा एक स्थिर आयसोटोप आहे, निकेल-६०, वजन तेच ६०, आणि रसायनाने कितीही धुतलं तरी लोखंड-६० च्या मानाने तो प्रचंड उरतोच. वजनाने दोघांना वेगळं करताच येत नाही. मग त्यांना गॅस भरलेल्या चुंबकातून पाठवतात. गॅसच्या रेणूंवर आदळत आदळत जाताना प्रत्येक आयन इलेक्ट्रॉन देत-घेत राहतो आणि त्याचा सरासरी विद्युतभार त्याच्या अणुक्रमांकावर ठरतो, लोखंडाचा क्रमांक २६, निकेलचा २८, म्हणून निकेलवर सरासरी भार थोडा जास्त आणि ते थोडं जास्त वळतं. तेवढ्याशा फरकावर बहुतेक सगळं निकेल बाजूला पडतं. पुढे आयनायझेशन चेंबरमध्ये प्रत्येक अणू गॅसमध्ये किती ऊर्जा कुठे टाकतो ते बघून उरलेला संशय मिटवायचा. हे करायला खूप मोठा व्होल्टेज लागतो, म्हणून जगात अशी मोजणी म्युनिकजवळच्या गार्चिंगला आणि ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या विद्यापीठात एवढ्याच ठिकाणी मुख्यतः झाली.

ह्या सगळ्यातून दर दहा हजार अणूंमागे अदमासे एखादाच डिटेक्टरपर्यंत पोचतो असं धरा, म्हणजे आपल्या ३८ हजारांतून तीन-चार. अख्ख्या काळजीपूर्वक केलेल्या नमुन्यातून तीन-चार ठिपके! म्हणून बातमी वाचताना आकडे लहान आहेत म्हणून हसू नका, उलट रिकाम्या नमुन्यात किती ठिपके आले ते शोधा. पृथ्वीवरच्या साध्या लोखंडाचा ब्लँक तितकाच वेळ चालवून त्यात शून्य किंवा एखादा आला असेल तर चार हा आकडा मजबूत आहे. ब्लँकचा उल्लेखच नसेल तर तो दावा बाजूला ठेवा.

बाकीच्या शक्यता एकेक करून बाद करा

माझ्या मते खरं विज्ञान इथे आहे, मशीनमध्ये नाही. सापडलं म्हणजे सुपरनोव्हाच असं होत नाही, आधी विचारायचं की दुसरं कोण आणू शकतं.

पहिला संशयित म्हणजे उल्का आणि अवकाशातली धूळ. सूर्यमालेतल्या दगडांत निकेल असतं, त्यावर वैश्विक किरण आदळून थोडं लोखंड-६० बनतं, आणि रोज टनावारी धूळ पृथ्वीवर पडते. ह्याची परीक्षा मँगनीज-५३ ने होते, अर्धायुष्य सुमारे ३७ लाख वर्षं. उल्कांच्या धुळीत मँगनीज-५३ भरपूर आणि लोखंड-६० त्यामानाने अगदी किरकोळ असतं. म्हणून दोन्ही मोजायचे, आणि लोखंड-६० वाढलंय पण मँगनीज-५३ त्या प्रमाणात वाढलेलं नाही असं दिसलं तर उल्का सुटली. चंद्राच्या मातीत आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात हाच हिशोब लावला होता.

दुसरा, माणूस. लाखो वर्षं जुन्या थरात हा प्रश्नच नाही, पण ताज्या बर्फात अणुचाचण्या आणि अणुभट्ट्यांचा वाटा तपासावाच लागतो, तो तपासूनच बर्फावर काम करणाऱ्या गटाने ते अवकाशातून आलंय असं म्हटलंय. तिसरा, थर स्वतःच हलला असेल किंवा तिथे काही रासायनिक गडबड झाली असेल. ह्याला एकच औषध, दुसऱ्या महासागरात बघा. वॉलनर यांच्या २०१६ च्या कामाचं वजन ह्याच्यामुळेच आहे, पॅसिफिक, हिंदी आणि अटलांटिक तिन्हीकडे १७ ते ३२ लाख वर्षांच्या मधल्या थरात लोखंड-६० मिळालं, आणि शिवाय ६५ ते ८७ लाख वर्षांच्या दरम्यान आणखी एकदा वाढलेलं दिसलं.

चौथा, न फुटता आपला माल वाऱ्याबरोबर सोडणारे म्हातारे तारे, ते सुद्धा थोडं लोखंड-६० बनवतात. पण असा तारा नेमका इतक्या जवळून जाणं फार दुर्मिळ आणि सिग्नल दोनदा आलाय, म्हणून बहुतेक जण हा पर्याय मागे ठेवतात. इथे प्लुटोनियम-२४४ चीही माहिती असू द्या, अर्धायुष्य ८ कोटी वर्षांच्या आसपास. २०२१ मध्ये पॅसिफिकच्या एका क्रस्टमध्ये लोखंड-६० बरोबर ते सापडलं, मोजलेले अणू सगळे मिळून दोनशेच्या आत. पण ते इतकं कमी आहे की जड मूलद्रव्यं बनवायचं काम साध्या सुपरनोव्हाने एकट्याने केलं असेल असं वाटत नाही, न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीसारखं काहीतरी फार आधी होऊन गेलं असावं आणि त्याचा माल ह्या स्फोटांनी पुढे ढकलला असावा.

घरच्या गच्चीवर लोहचुंबक फिरवून सूक्ष्म उल्का शोधायचा छंद पुष्कळ जणांना असतो आणि तो छान आहे, मुलांना जरूर करायला लावा. फक्त तिथे चिकटणारं बहुतेक सगळं रस्त्याची, वेल्डिंगची आणि कारखान्यांची धूळ असते, आणि खरी सूक्ष्म उल्का मिळाली तरी ती सूर्यमालेतली, तिला सुपरनोव्हाचं लोखंड म्हणू नका.

आता अंतर काढा

हा भाग स्वतः करायचाच. एका सुपरनोव्हातून लोखंड-६० किती निघतं? मॉडेलप्रमाणे सूर्याच्या वस्तुमानाच्या एक लाखांश ते दहा हजारांश. आपण तीन लाखांश धरू. सूर्य म्हणजे २ वर ३० शून्यं इतके किलो, त्यातून आपल्या वाट्याला आले ६ वर २५ शून्यं किलो, आणि एका अणूचं वजन माहीत असल्यामुळे अणू होतात ६ वर ५० शून्यं.

हे सगळं ३०० प्रकाशवर्षं त्रिज्येच्या गोलावर सारखं पसरलं असं समजा. ३०० प्रकाशवर्षं म्हणजे २.८ वर २० शून्यं सेंटिमीटरला थोडं जास्त, गोलाचं क्षेत्रफळ १ वर ४२ शून्यं चौरस सेंटिमीटर. भागा, दर चौरस सेंटिमीटरला ६० कोटी अणू येतात. पृथ्वी समोरून वर्तुळाएवढी दिसते पण तिचा पृष्ठभाग त्याच्या चौपट, म्हणून चाराने भागा, १५ कोटी.

पण एवढे पोचत नाहीत. सौर वारा, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर वाहणारे भारित कण, बाहेरच्या वायूला अडवून धरतो, स्फोट अगदी जवळ असल्याशिवाय वायू पृथ्वीच्या कक्षेपर्यंत घुसत नाही. आत येते ती धूळ, म्हणजे ज्या लोखंडाचे घट्ट कण झाले ते, आणि त्यातलेही मोठे कण. प्रत्यक्षात गाळावरून निघालेला आकडा, मधल्या काळात विरलेलं परत धरून, दर चौरस सेंटिमीटरला कोटींच्या घरात आहे. म्हणजे ३०० प्रकाशवर्षं हा अंदाज वेडावाकडा नाही, एखादाच स्फोट धरला तर पाचातला एखादा अणू धुळीतून यावा लागेल, जास्त स्फोट धरले तर कमी चालेल.

आता त्याच वहीत उत्पादन दहापट कमी धरून बघा. अंतर वर्गमुळात येतं, म्हणून ते दहापट कमी होत नाही, सव्वातीनपट होतं, ३०० चं ९५. ह्यावरून कळतं की कुठल्याही लेखात अंतर एकच आकडा म्हणून दिलं असेल तर तो पूर्ण विश्वासाचा नाही, पट्टा दिलेला हवा. प्रसिद्ध झालेले बरेच अंदाज दीडशे ते सव्वातीनशे प्रकाशवर्षांच्या पट्ट्यात येतात. अजून एक खाचखळगा म्हणजे क्रस्ट पाण्यातलं सगळं लोखंड घेत नाही, काही भागच घेतो, आणि तो भाग किती ह्याचा २००४ मधला अंदाज आणि २०१६ मधला अंदाज यात दहापटीहून जास्त फरक आहे. गाळ मात्र जवळपास सगळं धरून ठेवतो, म्हणून एकूण किती पडलं ह्याच्यासाठी गाळाचा आकडा घ्यावा.

आणि एकच स्फोट की जास्त? एका स्फोटाची लाट आपल्यावरून जायला दीडेक दशलक्ष वर्षं लागू नयेत, त्याच्या बऱ्याच आत जावी. सिग्नल इतका रुंद आहे म्हणून पाठोपाठ अनेक तारे फुटले असं बहुतेक मॉडेल सांगतात. आपला सूर्य सध्या ज्या पोकळीत आहे ती लोकल बबल सुमारे हजार प्रकाशवर्षं रुंद, आणि २०२२ मधल्या कामाप्रमाणे ती गेल्या १.४ कोटी वर्षांत पंधराएक सुपरनोव्हांनी फुगवलेली, सूर्य तिच्यात शिरला सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी.

हे स्फोट ज्या तारकासमूहातून झाले असावेत तो भाग महाराष्ट्रातून दिसतो. मेच्या मध्यात रात्री अकराच्या सुमारास दक्षिण क्षितिज मोकळं असेल अशा जागी जा. आग्नेयेला वृश्चिक वर आलेली असते, तिच्यातला तांबूस ठळक तारा ज्येष्ठा. दक्षिणेला खाली नरतुरंगाचे मित्र आणि मित्रक, आणि त्यांच्या उजवीकडे कलत गेलेला त्रिशंकू. वृश्चिकेपासून त्रिशंकूपर्यंतच्या ह्या पट्ट्यात तरुण जड ताऱ्यांचा एक विस्तीर्ण घोळका आहे, आणि बबल फुगवणारे तारे त्याचेच भाऊबंद होते असं मानतात. ज्येष्ठा त्याच घोळक्यातली, साधारण साडेपाचशे प्रकाशवर्षं लांब, कधीतरी फुटणार, पण तेवढ्या अंतरावरून आपल्याला धोका नाही.

प्राणी मेले का, हा प्रश्न आला की

हा प्रश्न येणारच. सुपरनोव्हा खरोखर घातक व्हायला साधारण तीसेक प्रकाशवर्षांच्या आत हवा, काही जण पन्नास-साठपर्यंत धरतात, तेव्हा ओझोनचं मोठं नुकसान होऊ शकतं. आपले स्फोट त्याच्या कितीतरी बाहेर होते. २६ लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास हिमयुगांची सुरुवात झाली, समुद्रातले काही मोठे प्राणी संपले, आणि काहींनी त्याचा संबंध स्फोटाशी जोडून बघितलाय, वैश्विक किरण वाढले असतील हे शक्यही आहे. पण एकाच काळात दोन गोष्टी घडल्या एवढ्यावर कारण ठरत नाही, विशेषतः जेव्हा एका गोष्टीची तारीख दीड दशलक्ष वर्षं रुंद आहे. एवढ्या रुंद खिडकीत काहीही सापडेल. असा दावा वाचला की विचारा, खिडकी किती रुंद आहे आणि त्या खिडकीच्या बाहेर तसंच काही घडलं होतं का.

सरावासाठी एक ताजं प्रकरण

२०२५ च्या फेब्रुवारीत डॉमिनिक कोल यांच्या गटाने जाहीर केलं की पॅसिफिकच्या क्रस्टमध्ये सुमारे एक कोटी वर्षांपूर्वीच्या थरात बेरिलियम-१० अपेक्षेपेक्षा जास्त आहे. लगेच सुपरनोव्हा अशी हेडलाइन झाली. आता वरची रीत लावा. बेरिलियम-१० ताऱ्यातून यायची गरज नाही, ते आपल्याच हवेत बनतं, म्हणजे वैश्विक किरण वाढले असतील, किंवा ते समुद्रात वेगळ्या ठिकाणी जास्त साठलं असेल. अंटार्क्टिकाभोवतीचे प्रवाह त्या काळात बदलत होते, तेव्हा दुसरा पर्यायही तितकाच विचारात घ्यावा लागतो, आणि संशोधकांनी स्वतः दोन्ही पर्याय मांडलेत. लोखंड-६० बघून निकाल लावू म्हणाल तर एक कोटी वर्षांत त्याची जवळपास चार अर्धायुष्यं होतात, शंभरातले सातच अणू उरतात, मोजायला फार कठीण. म्हणून तपासायचं ते असं, की तेवढ्याच वयाचे थर अटलांटिकमध्ये आणि हिंदी महासागरात शोधायचे आणि तिथेही बेरिलियम-१० चा उंचवटा दिसतो का ते मोजायचं. सगळीकडे दिसला तर कारण आकाशात शोधा, फक्त पॅसिफिकमध्ये दिसला तर प्रवाहात.